अलामूत : ‘गरुडाचे घरटे’, ‘गरुडाची शिकवण’ की ‘मृत्यूचा किल्ला’?

इराणमधील अलामूत या किल्ल्याच्या नावाचे तीन अर्थ आपल्याला तीन ठिकाणी वाचायला मिळाले आणि त्यांपैकी खरा कोणता, असा आपला प्रश्न आहे. एका प्रवासवर्णनात ‘गरुडाचे घरटे’ असे दिले आहे, एका इतिहासविषयक लेखात ‘गरुडाची शिकवण’ असे म्हटले आहे, आणि एका चित्रफितीत हा अरबीतील ‘अल्‌-मौत’, म्हणजे मृत्यू, असल्याचे ठासून सांगितले आहे. आपल्याला हा अर्थ स्वतःच्या लेखात द्यायचा आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देते. फारसी शिकवणे आणि दख्खनच्या फारसी कागदपत्रांतील गावांची व किल्ल्यांची नावे लावणे हे काम मी अनेक वर्षे करीत आले आहे. त्या कामात जी पद्धत वापरावी लागते, तीच मी येथे लावून दाखवते.

तीन अर्थांतून सर्वांत शोभणारा अर्थ निवडण्याने हा प्रश्न सुटत नाही. नाव कोणत्या भाषेतले आहे, ते सर्वांत जुन्या लेखनात कसे दिसते, अर्थ कोणी आणि केव्हा सांगितला, आणि तो सांगणाऱ्याला ती भाषा कितपत ठाऊक होती, हे आधी पाहावे लागते. स्थलनामांच्या बाबतीत पुष्कळदा असे होते की मूळ अर्थ विस्मरणात जातो, लोक ओळखीच्या शब्दांशी नावाचा सांधा जोडतात, आणि मग तो सांधा पक्का करण्यासाठी एखादी कथा रचली जाते. अलामूतच्या नावाभोवती या तिन्ही गोष्टी घडलेल्या दिसतात.

प्रथम जागेविषयी. किल्ला कझ्वीन शहराच्या ईशान्येस, अल्बुर्झ पर्वतातील रूदबार या भागात, गाझोरखान गावाच्या वर उभ्या असलेल्या एका सुट्या, उंच कड्यावर आहे. खालून अलामूत नदी वाहते. ती तालिकान नदीला मिळून शाहरूद होते आणि तिचे पाणी पुढे सफीदरूदमधून कास्पियन समुद्राला जाते. हा सगळा डोंगराळ प्रदेश जुन्या काळी दैलम म्हणून ओळखला जात असे. अरबांनी इराण जिंकल्यानंतरही दैलमचे डोंगरी लोक दीर्घकाळ त्यांच्या हाती लागले नाहीत आणि इस्लामही तेथे उशिरा रुजला. त्यांची स्वतःची दैलमी बोली होती. ती इराणी कुळातीलच, परंतु दरबारी फारसीपेक्षा कास्पियनच्या काठावरील गिलकी व माझंदरानी या भाषांच्या जवळची. नावाचा विचार करताना ही बोली सतत डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे.

मंगोलकाळातील इतिहासकार अता मलिक जुवैनी याच्या वृत्तांतानुसार हा किल्ला दैलमच्या जुस्तानी राजघराण्याने हिजरी २४६, म्हणजे इ.स. ८६०च्या सुमारास, बांधला. चौदाव्या शतकातील हम्दुल्ला मुस्तौफी वर्ष तेच देतो, पण श्रेय कास्पियनकाठच्या तबरिस्तानच्या अलवी, म्हणजे अलीच्या वंशातील, शासकाला, हसन बिन झैद याला देतो. बांधणारा कोणीही असो, आपल्या दृष्टीने महत्त्वाचे इतके की किल्ला आणि त्याचे नाव दोन्ही, येथे निझारी इस्माईली या शिया पंथाची सत्ता उभारणाऱ्या हसन-ए-सब्बाहच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीपासून होते. हसनने तो इ.स. १०९० मध्ये घेतला, त्यानंतर ११२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तेथून खाली उतरला नाही असे इतिहासकार सांगतात, आणि १२५६ मध्ये मंगोल सरदार हुलागू खानाच्या सैन्याने निझारी इस्माईलींची ही राजधानी संपवली. जगाच्या डोक्यात अलामूत म्हटले की हा मधला दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा काळच उभा राहतो आणि नावाचा अर्थही त्याच काळाच्या प्रकाशात लावला जातो. गोंधळाची सुरुवात येथूनच होते.

‘मृत्यूचा किल्ला’ हा अर्थ आधी तपासू, कारण तो वरवर पाहता सर्वांत बिनतोड वाटतो. अरबी-फारसी लिपीत हे नाव आज अलिफ, लाम, मीम, वाव, ते अशा पाच अक्षरांनी लिहितात. अरबीतील ‘अल्‌-मौत’ हा शब्दही नेमक्या याच पाच अक्षरांनी लिहिला जातो. ऱ्हस्व स्वर या लिपीत लिहिले जात नाहीत आणि ‘वाव’ हे एकच अक्षर ‘ऊ’ आणि ‘औ’ या दोन्हींसाठी चालते, त्यामुळे कागदावर दोन्ही शब्द हुबेहूब एक दिसतात. लिपी येणाऱ्याला पण या नावाची ओळख नसणाऱ्याला ‘मौत’ दिसणारच, आणि त्यातून पुढे हा किल्ला हसनच्या अनुयायांविषयीच्या मारेकऱ्यांच्या कथांसाठी प्रसिद्ध झाला म्हटल्यावर अर्थ आपोआप जुळल्यासारखा वाटतो.

परंतु हे जुळणे केवळ अक्षरांचे आहे. ही लिपी वाचणाऱ्याला शब्द आधी माहीत असावा लागतो. आपल्या जुन्नरचे नाव फारसी तवारिखांत अशा अक्षरांनी लिहिलेले असते की ते ‘जुनीर’ किंवा ‘जुनैर’ असे वाचता येते, आणि इंग्रजी लेखकांनी ते तसे वाचलेही. त्यावरून गावाचे नाव जुनैर होते असे कोणी म्हणणार नाही, कारण आपल्याला गावातला उच्चार ठाऊक आहे. अलामूतचाही उच्चार त्या खोऱ्यात ‘मूत’ असाच, दीर्घ ऊकाराचा आहे. ‘मौत’ असा नाही.

याहून मोठा आक्षेप इतिहासाचा आहे. नवव्या शतकातील दैलमी राजाने आपल्या नव्या किल्ल्याला अरबी भाषेत, अरबी उपपद लावून, ‘मृत्यू’ असे नाव द्यावे याला कारण दिसत नाही. हसन-ए-सब्बाहच्या अनुयायांनी किल्ल्याला जे मानाचे अरबी नाव दिले ते ‘बल्दत-उल्‌-इक्बाल’, म्हणजे भाग्याची नगरी; त्यात मृत्यूचा मागमूस नाही. आणि माझ्या मते निर्णायक साक्ष आहे ती इब्न अल्‌-असीर या इतिहासकाराची. हा ११६० ते १२३३ या काळातला, मोसुलचा, अरबीत लिहिणारा सुन्नी विद्वान. इस्माईलींविषयी त्याला अजिबात ममत्व नव्हते. ‘अल्‌-मौत’ हा त्याच्या रोजच्या भाषेतला शब्द. किल्ल्याच्या नावात मृत्यू आहे असे म्हणण्याची सोय आणि इच्छा दोन्ही ज्याच्याकडे असू शकत होत्या, त्या माणसाने नावाचा अर्थ देताना तसे म्हटले नाही. त्याने स्पष्टपणे दैलमी भाषेचा हवाला दिला आणि अर्थ गरुडाशी जोडला. म्हणून ‘मृत्यूचा किल्ला’ हा अर्थ आपल्या लेखातून निःशंकपणे काढून टाका.

आता उरले दोन अर्थ, आणि त्या दोहोंत गरुड समान आहे. नावाचे जुने, पूर्ण रूप ‘आलुह-आमूत’ असे दिले जाते. यातील ‘आलुह’ म्हणजे गरुड, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. हा जुना इराणी शब्द आहे. अवेस्तेत, म्हणजे जरथुष्ट्री धर्मग्रंथात, त्याचे भावंड ‘एरेझिफ्य’ या रूपात येते आणि वैदिक संस्कृतात ‘ऋजिप्य’ या रूपात. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात इंद्रासाठी सोम आणणाऱ्या श्येनाची जी सूक्ते आहेत, त्यांत श्येनाला हे विशेषण लावलेले आहे. सरळ झेप घेणारा, असा त्याचा अर्थ लावतात. आर्मेनियन भाषेतील गरुडाचा शब्दही याच मुळाशी जातो. फारसीत पुढे अरबीतून आलेला ‘उकाब’ रूढ झाला आणि ‘आलुह’ मागे पडला, त्यामुळे आजच्या सामान्य इराणी माणसालाही नावातला गरुड सहज दिसत नाही. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. आपण ज्याला दूरदेशीचे, अगम्य नाव समजतो, त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाचा सगा शब्द आपल्या सर्वांत जुन्या ग्रंथात आहे.

खरा वाद दुसऱ्या अर्ध्याचा, ‘आमूत’चा आहे.

इब्न अल्‌-असीर सांगतो ते असे: दैलमचा एक राजा शिकारीचा शौकीन होता. एकदा त्याने शिकारीसाठी गरुड सोडला आणि त्याच्या मागे गेला, तेव्हा तो गरुड या कड्यावर जाऊन बसला. जागा किती अभेद्य आहे हे राजाच्या लक्षात आले, त्याने तेथे किल्ला बांधला आणि त्याला ‘आलुह-आमूत’ असे नाव दिले, ज्याचा अर्थ दैलमी भाषेत ‘गरुडाची शिकवण’ असा होतो. याच्या नंतरचा जुवैनी मात्र ‘गरुडाचे घरटे’ असा अर्थ देतो. जुवैनीची साक्षही हलकी नाही. तो १२५६ मध्ये हुलागूबरोबर होता, किल्ला त्याने स्वतः पाहिला, गुडघे टेकून मान जमिनीवर ठेवलेल्या उंटासारखा हा डोंगर दिसतो असे त्याने लिहून ठेवले, आणि तेथील प्रसिद्ध ग्रंथालय जाळण्यापूर्वी त्यातून कुराणाच्या प्रती, काही निवडक ग्रंथ व खगोलशास्त्राची उपकरणे त्याने बाजूला काढली. पुढच्या फारसी कोशांत ‘आमूत’ म्हणजे शिकारी पक्ष्याचे घरटे असा अर्थ नोंदलेला सापडतो, आणि म्हणून प्रवासी पुस्तकांतून व माहितीपत्रकांतून हाच अर्थ सर्वत्र पसरला आहे.

म्हणजे एका बाजूला जुना पण दूर बसलेला साक्षीदार, आणि दुसऱ्या बाजूला नंतरचा पण प्रत्यक्ष जाऊन आलेला साक्षीदार. अशा वेळी साक्षीदारांच्या मोठेपणावर निर्णय करू नये. भाषा काय सांगते ते पाहावे.

फारसीत ‘आमूख्तन’ म्हणजे शिकणे आणि शिकवणेही, आणि ‘आमूख्त’ हे त्याचे भूतकाळी रूप. नावात ‘आमूख्त’ नसून ‘आमूत’ आहे. मधला ‘ख’ कुठे गेला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कास्पियन किनाऱ्यावरच्या भाषा देतात. फारसीतील ‘पुख्ता’ हा शब्द आपल्याला चांगला माहीत आहे, कारण त्याचाच मराठीत ‘पोक्त’ झाला. ‘शिजलेले’ या मूळ अर्थाने माझंदरानीत त्याची जोडी आहे ‘बपेते’. फारसी ‘सूख्ता’, म्हणजे जळलेले, याची माझंदरानी जोडी ‘बसूते’. दोन्हींत ‘त’च्या आधीचा ‘ख’ गळालेला आहे. त्याच हिशेबाने फारसी ‘आमूख्त’चे त्या बाजूच्या बोलीतील रूप ‘आमूत’ होणे अगदी नियमाला धरून आहे. इब्न अल्‌-असीरला हा ध्वनिनियम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने फक्त ऐकलेला अर्थ लिहिला, आणि तो अर्थ बोलीच्या व्याकरणात नेमका बसतो. अशी न ठरवता झालेली जुळणी मी पुराव्यात फार वरची धरते.

‘घरटे’ या अर्थाला अशी बाहेरून पुष्टी मिळते का, हे तपासताना एक सावधगिरी बाळगा. कोशातील नोंद ही नेहमीच स्वतंत्र साक्ष नसते. पुष्कळ फारसी कोश दैलमपासून फार दूर आणि फार उशिरा रचले गेले. ‘बुर्हान-ए-कातिअ’सारखा गाजलेला कोश तर सतराव्या शतकात आपल्या दख्खनमध्ये, गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत तयार झाला. एखाद्या कोशकाराने जुन्या इतिहासात ‘आलुह-आमूत म्हणजे गरुडाचे घरटे’ असे वाचले, ‘आलुह’ म्हणजे गरुड हे त्याला माहीत होते, तर उरलेल्या ‘आमूत’चा अर्थ ‘घरटे’ असा तो वजाबाकीनेच काढू शकतो. मग आपण तो कोश उघडून म्हणतो, पाहा, अर्थ सिद्ध झाला. प्रत्यक्षात आपण जुवैनीचेच वाक्य दुसऱ्यांदा वाचत असतो. एखादा शब्द या किल्ल्याच्या नावाशी संबंध नसलेल्या कवितेत, शिकारीवरील ग्रंथात किंवा बोलीत त्याच अर्थाने वापरलेला दाखवता आला, तरच कोशाची नोंद स्वतंत्र पुरावा म्हणून मोजावी. हा नियम मी दख्खनच्या नावांनाही लावते.

शिकारीच्या कथेबद्दलही सांगते, कारण आपण ती लेखात घटना म्हणून देण्याचा विचार करीत आहात असे प्रश्नावरून दिसते. ती घटना म्हणून देऊ नये. प्राणी किंवा पक्षी राजाला राजधानीची जागा दाखवतो ही कथा देशोदेशी फिरणारी आहे. शिकारी कुत्र्यांवर उलटलेल्या सशाची गोष्ट विजयनगरच्या स्थापनेबद्दल सांगतात, आणि तशीच गोष्ट बीदरलाही जोडलेली आहे. अशा कथेवरून त्या दिवशी काय घडले ते कळत नाही. मात्र कथा रचणाऱ्याला नावाचा कोणता अर्थ ठाऊक होता ते कळते. नाव ‘घरटे’ असे समजले जात असते, तर कथेची गरजच नव्हती. उंच कड्याला गरुडाचे घरटे म्हणणे स्वतःच पुरेसे आहे. गरुडाने राजाला काहीतरी दाखवले अशी कथा तेव्हाच लागते, जेव्हा नावात ‘शिकवणे’ ऐकू येते. म्हणून कथा खोटी मानूनही ती ‘शिकवण’ या अर्थाच्याच बाजूने साक्ष देते.

आणखी एक गोष्ट या चर्चेत हमखास येते, ती अबजद गणनेची. अरबी अक्षरांना संख्यामूल्ये देऊन शब्दांतून वर्ष काढण्याची ही पद्धत आपल्याकडच्या फारसी शिलालेखांतही भरपूर सापडते, म्हणून ती येथे करूनच दाखवते. ‘आलुह-आमूत’मधील अक्षरे अशी: अलिफचा १, लामचे ३०, हेचे ५, पुन्हा अलिफचा १, मीमचे ४०, वावचे ६ आणि तेचे ४००. बेरीज येते ४८३. हसन-ए-सब्बाह किल्ल्यात आला ते वर्ष हिजरी ४८३. मंगोलकालीन इतिहासकारांनाही हा योगायोग विलक्षण वाटला आणि त्यांनी तो आवर्जून नोंदवला. आता आजचे पाच अक्षरी रूप घ्या: १, ३०, ४०, ६ आणि ४००, म्हणजे ४७७. वर्ष चुकते. यावरून काही जण म्हणतात की नावच त्या वर्षासाठी घडवले गेले. तसे होणे शक्य नाही, कारण नाव हसनच्या आधीचे आहे. पण या बेरजेचा एक वेगळा उपयोग होतो: ती ‘हे’ अक्षर धरल्याशिवाय जमत नाही, म्हणजे ज्यांनी ती केली त्यांच्या समोर नावाचे ‘आलुह’ असलेले पूर्ण रूप होते. नावात गरुड आहे याला हा आणखी एक आधार मिळतो. ‘आमूत’च्या अर्थावर मात्र या गणनेने काहीही प्रकाश पडत नाही.

येथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, ‘मृत्यू’ हा अर्थ लिपीच्या सारखेपणातून निघालेला आणि त्याज्य, ‘गरुड’ पक्का, ‘शिकवण’ किंवा ‘गरुडाने दाखवलेली जागा’ हा अर्थ अधिक जुना आणि बोलीच्या नियमाला धरून, म्हणून माझा कौल त्याला, ‘घरटे’ हा अर्थ आदरणीय लेखकाने दिलेला, पण भाषिक पायावर त्यापेक्षा दुबळा.

हा कौल कितपत ठाम शब्दांत मांडायचा, हे आपण काय लिहीत आहात यावर अवलंबून आहे. प्रवासलेख असेल तर ‘गरुडाचे घरटे असा अर्थ रूढ आहे, पण जुना अरबी इतिहासकार गरुडाची शिकवण असा अर्थ देतो’ इतके एक वाक्य पुरे. शोधनिबंध असेल तर दोन्ही अर्थ त्यांच्या मूळ सांगणाऱ्यांच्या नावांनिशी द्यावेत, आणि दैलमी बोलीचे लिखित नमुने फारच थोडे शिल्लक असल्यामुळे शेजारच्या भाषांवरून अनुमान केले आहे, हेही स्पष्ट लिहावे. मुंबईतील, निझारी परंपरेशी जोडलेल्या खोजा समाजाच्या संदर्भात लिहीत असाल, तर अधिक जपून लिहा. निझारींचे इमाम पहिले आगाखान हसन अली शाह १८४०च्या दशकात मुंबईला आले, १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या गाजलेल्या खटल्यात त्यांच्या परंपरेचा इतिहास अलामूतपर्यंत तपासला गेला, आणि माझगावच्या हसनाबादमध्ये त्यांची समाधी आहे. ज्या लोकांच्या इमामांची ही गादी होती, त्यांच्यासाठी अलामूत हा विद्येचा आणि श्रद्धेचा वारसा आहे. नसीरुद्दीन तूसीसारखा गणिती व खगोलज्ञ तेथे राहून गेला. त्या नावावर अक्षरांच्या अपघाताने ‘मौत’ चिकटवणे चुकीचे तर आहेच, पण अन्यायाचेही आहे.

निझारींच्या इतर किल्ल्यांची नावेही आपल्या लेखात येणार असतील, तर तीच काळजी घ्या. ‘गिर्दकूह’ सरळ आहे: गोल डोंगर. ‘शाहदिझ’ म्हणजे राजाचा किल्ला. त्यातील ‘दिझ’ हा गडासाठीचा अस्सल इराणी शब्द. ‘मैमून-दिझ’ पाहून आजचा फारसी कोश उघडाल, तर ‘मैमून’ म्हणजे माकड असे सापडेल. येथे तो अरबीतील ‘शुभ, भाग्यशाली’ या अर्थाचा शब्द आहे. ‘बल्दत-उल्‌-इक्बाल’ या नावाशेजारी तो ठेवून पाहिला की या लोकांना आपल्या गडांविषयी कोणते शब्द वापरावेसे वाटत होते ते कळते.

शेवटी देवनागरी लेखनाबद्दल, कारण आपल्या प्रश्नातच हे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले आहे. इंग्रजी अक्षरांवरून आलेले ‘अलामुट’ टाळा; मूळ व्यंजन ‘त’ आहे. फारसीत ‘ल’वरचा स्वर ऱ्हस्व आहे, त्यामुळे काटेकोर लिप्यंतर ‘अलमूत’ असे होईल, परंतु मराठी वाचक तेथे ‘ल’चा अकार गिळून ‘अल्मूत’ असे वाचतो आणि पुन्हा अरबी ‘अल्‌’चा भास होतो. तो टाळण्यासाठी मी ‘अलामूत’ लिहिते, आणि पहिल्या उल्लेखाशेजारी जुने रूप ‘आलुह-आमूत’ एकदा पूर्ण देते.